डिलीट केलेली फाईल जाते कुठे? घरच्या संगणकातील फाईल, ड्राइव्ह आणि पार्टिशन समजून घेऊ या



एप्रिल महिना आला की आपल्या जिल्ह्यातल्या शाळांमध्ये निकालपत्रकांची घाई सुरू होते. संकलित मूल्यमापनाच्या नोंदी, यू-डायस प्लसची माहिती, पोषण आहाराचा हिशोब, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, सगळं एकदम अंगावर येतं. यातलं बरंचसं काम शाळेत पूर्ण होत नाही. ते रात्री जेवणं झाल्यावर घरच्या संगणकावर होतं. त्याच संगणकावर मुलांचे गेम असतात, लग्नाचे फोटो असतात, सातबाऱ्याची आणि बँक पासबुकाची स्कॅन केलेली प्रत असते. अशा घाईत एखादी फाईल डिलीट होते आणि मग केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकच प्रश्न विचारला जातो, "सर, डिलीट झालेली फाईल परत येते का हो?"

याचं उत्तर "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात देता येत नाही. डिलीट झाल्यानंतर तुम्ही काय केलं, त्यावर ते ठरतं. म्हणून आजच्या पाठात आपण आधी संगणकाच्या आत काय घडतं ते पाहू. ते एकदा समजलं की रिसायकल बिन, सी आणि डी ड्राइव्ह, फॉरमॅट, बॅकअप हे सगळे विषय एकाच सूत्रात बसतात. ते सूत्र असं: डिलीट म्हणजे नोंद पुसणं. माहिती पुसणं ही वेगळी गोष्ट आहे.

१. नोंद वेगळी, शेत वेगळं

आपण शेतीवाडीच्या जिल्ह्यातली माणसं, तेव्हा उदाहरण सातबाऱ्याचंच घेऊ. गावात जमीन असते आणि तलाठ्याच्या दप्तरात त्या जमिनीची नोंद असते. कोणता गट, किती क्षेत्र, कोणाच्या नावावर, कोणतं पीक. नोंदीत बदल झाला म्हणून शेतातली माती हलत नाही. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. कागद बदलले, पाट्या बदलल्या, पण राहुरी राहुरीच्या जागी आहे आणि कर्जत कर्जतच्या जागी.

हार्ड डिस्कचंही असंच आहे. डिस्कवरची जागा छोट्या छोट्या तुकड्यांमध्ये विभागलेली असते. या तुकड्याला क्लस्टर म्हणतात. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत तो सहसा ४ केबीचा असतो. तुमची निकालपत्रकाची फाईल अशा अनेक तुकड्यांमध्ये ठेवलेली असते. कोणती फाईल कोणत्या तुकड्यांत आहे, याची नोंदवही डिस्कवर वेगळी असते. एनटीएफएसमध्ये या नोंदवहीला मास्टर फाईल टेबल म्हणतात. तुम्ही फाईलवर दोनदा क्लिक करता तेव्हा विंडोज आधी ही नोंदवही बघतं आणि मग त्या तुकड्यांपाशी जातं.

फाईल कायमची डिलीट केली की विंडोज फक्त नोंदवहीत खूण करतं, "ही जागा आता रिकामी समजावी". म्हणूनच २ जीबीचा व्हिडिओ कॉपी व्हायला काही मिनिटं लागतात, पण डिलीट व्हायला एक क्षणही लागत नाही. शेतात पीक उभंच असतं, फक्त कागदावर ती जमीन पड दाखवलेली असते. पुढे एखादी नवीन फाईल आली आणि विंडोजने तीच जागा तिला दिली, की नांगर फिरतो. नांगर फिरला की जुनं पीक गेलं. मग कोणताही जाणकार ते परत आणू शकत नाही.

२. रिसायकल बिन: पहिली आणि सोपी पायरी

रिसायकल बिन विंडोजमध्ये १९९५ साली आलं. डिलीटचं बटण दाबलं की फाईल आधी तिथे जाते. तेव्हा तिची नोंदही पुसलेली नसते. फाईल त्याच ड्राइव्हवरच्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये सरकवलेली असते आणि ती मूळ कुठे होती, कधी डिलीट झाली, हे सोबत लिहून ठेवलेलं असतं. म्हणून बिनमध्ये फाईलवर राइट क्लिक करून 'रिस्टोअर' म्हटलं की ती आपल्या मूळ फोल्डरमध्ये जाऊन बसते. फाईल परत आली, पण सापडत नाही, अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. त्या वेळी डेस्कटॉपवर शोधू नका, ती जिथून गेली होती त्या फोल्डरमध्ये बघा.

या बिनबद्दल पाच गोष्टी लक्षात ठेवा.

• बिनमध्ये पडलेली फाईल डिस्कची जागा अडवतेच. डिस्क भरली म्हणून फाईली डिलीट केल्या आणि बिन रिकामं केलं नाही, तर जागा वाढत नाही.

• 'शिफ्ट' आणि 'डिलीट' एकत्र दाबलं तर फाईल बिनमध्ये न जाता थेट जाते.

• पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाईल सहसा बिनमध्ये येत नाही. शाळेतून घरी ये-जा पेन ड्राइव्हवरच होते, म्हणून सर्वांत जास्त फाईली इथेच हरवतात.

• फाईल फार मोठी असेल तर विंडोज "ही कायमची डिलीट करायची का?" असं विचारतं. न वाचता 'येस' म्हणू नका.

• विंडोज १० आणि ११ मध्ये 'स्टोरेज सेन्स' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर बिनमधल्या जुन्या फाईली ठरावीक दिवसांनी आपोआप निघून जातात. त्यामुळे बिन म्हणजे कपाट समजून त्यात काही साठवू नका.

मोबाईलवरही असंच आहे. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधली फाईल ३० दिवसांनी कायमची जाते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो. स्नेहसंमेलनाचे फोटो चुकून उडाले तर आधी तिथे बघा.

३. 'रिप्लेस' आणि 'सेव्ह': डिलीटपेक्षा घातक

आता एक अशी गोष्ट, जिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. मागच्या वर्षीचं निकालपत्रक उघडलं, त्यातली नावं आणि गुण बदलले आणि 'सेव्ह अ‍ॅज' न करता 'सेव्ह' केलं. किंवा पेन ड्राइव्हवरची जुनी फाईल घरच्या नव्या फाईलवर कॉपी केली आणि विंडोजने विचारल्यावर 'रिप्लेस' म्हटलं. इथे काहीच डिलीट झालेलं नाही, त्यामुळे बिनमध्ये काही सापडत नाही. त्याच नावाच्या फाईलमध्ये नवा मजकूर बसला आहे आणि आपल्या हातानेच जुन्यावर नांगर फिरला आहे.

यावर उपाय आधीच करून ठेवावा लागतो. नवीन वर्षाचं काम सुरू करताना आधी फाईलची प्रत करा, तिला नाव द्या, मगच उघडा. नावात इयत्ता आणि वर्ष असू द्या. 'निकाल फायनल', 'निकाल फायनल नवीन', 'निकाल फायनल खरं' अशा नावांनी शेवटी आपणच गोंधळतो. फाईल गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर असेल, तर तिथे जुन्या आवृत्त्या काही काळ जपलेल्या असतात आणि त्या परत घेता येतात. नुसत्या हार्ड डिस्कवरच्या फाईलसाठी ही सोय आपोआप नसते.

४. फाईल चुकून गेली? आधी हात थांबवा

समजा, फाईल बिनमध्येही नाही. अशा वेळी घाबरून आपण नेमकं उलटं करतो. इंटरनेटवर शोधतो, दोन-तीन सॉफ्टवेअर डाऊनलोड करतो, ती त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल करतो. प्रत्येक डाऊनलोड म्हणजे नवीन लिखाण आणि प्रत्येक नवीन लिखाण म्हणजे नांगराचा एक फेरा. फाईल वाचवण्यासाठी केलेल्या धावपळीतच फाईल जाते. म्हणून क्रम असा ठेवा.

पहिलं: ज्या ड्राइव्हवरून फाईल गेली, त्यावर काहीही नवीन लिहू नका. पेन ड्राइव्ह असेल तर काढून बाजूला ठेवा. कॅमेऱ्याचं किंवा मोबाईलचं मेमरी कार्ड असेल तर नवीन फोटो काढणं थांबवा.

दुसरं: ही फाईल आणखी कुठे असू शकते ते आठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर केंद्रप्रमुखांना पाठवली होती का? ईमेलच्या 'सेंट'मध्ये आहे का? शाळेच्या संगणकावर प्रत राहिली आहे का? दहापैकी कितीतरी वेळा फाईल अशीच मिळून जाते आणि सॉफ्टवेअरची गरजच पडत नाही.

तिसरं: तरीही मिळाली नाही, तर फाईल परत आणणारं सॉफ्टवेअर वापरा, पण ते दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा आणि सापडलेल्या फाईलीही दुसऱ्या ड्राइव्हवरच उतरवा. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये 'विंडोज फाईल रिकव्हरी' हे मोफत साधन दिलं. त्यात आज्ञा टाईप करावी लागते आणि शोधायचा ड्राइव्ह व उतरवायचा ड्राइव्ह वेगळा असणं त्यात सक्तीचं आहे. 'फोटोरेक' हेही मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते फाईलचं नाव शोधत नाही, थेट तुकड्यांमधलं पीक ओळखतं. त्यामुळे फाईली परत येतात, पण त्यांची मूळ नावं येत नाहीत. शेकडो फोटोंतून आपला फोटो शोधत बसावं लागतं.

चौथं: डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल किंवा ती मधूनच गायब होत असेल, तर कोणतंही सॉफ्टवेअर चालवू नका. संगणक बंद करा. हा बिघाड यंत्राचा आहे. प्रत्येक प्रयत्नाने तो वाढतो.

इथे जुन्या आणि नव्या डिस्कमधला एक फरक माहीत असायला हवा. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर डिलीट झालेली माहिती बरेच दिवस पडून राहू शकते. पण हल्लीच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. विंडोज ७ पासून अशा डिस्कला डिलीटबरोबरच 'ट्रिम' नावाची सूचना जाते आणि एसएसडी ती जागा स्वतःच्या सवडीने आतून साफ करून ठेवते. म्हणजे जमीन पड दाखवली की ट्रॅक्टर आपला आपण येऊन नांगरून जातो. त्यामुळे एसएसडीवरून कायमची डिलीट झालेली फाईल परत मिळण्याची आशा फार कमी असते. "माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर आली होती, मग यावर का नाही?" याचं कारण हे आहे.

५. पार्टिशन म्हणजे शेताची वाटणी

आता दुसरा विषय. 'माय कॉम्प्युटर' उघडलं की सी, डी, ई असे ड्राइव्ह दिसतात. अनेकांना वाटतं, संगणकात तीन डिस्क आहेत. बहुतेक वेळा डिस्क एकच असते आणि तिची वाटणी केलेली असते. या वाटणीला पार्टिशन म्हणतात. एकाच शेतात बांध घालून भावाभावांचे तुकडे पाडावेत, तसं.

सुरुवात सीपासून का होते, हा मुलांचा आवडता प्रश्न. पूर्वीच्या संगणकांमध्ये ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपी डिस्कसाठी राखलेली होती. मग हार्ड डिस्क आली, तिला सी मिळालं. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये हार्ड डिस्क होती अवघी १० एमबीची. आज मोबाईलवरचे दोन-तीन फोटो तेवढे होतात. फ्लॉपी गेल्या, पण सी हे अक्षर कायम राहिलं.

दुसरा प्रश्न: "१ टीबीची डिस्क घेतली, पण संगणक ९३१ जीबीच दाखवतो. दुकानदाराने फसवलं का?" नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असं मोजते. विंडोज १,०२४ ला तीनदा गुणून, म्हणजे सुमारे १०७ कोटी बाइटचा एक जीबी धरतं. माल तेवढाच आहे, मापं दोन आहेत. गुंठ्यात मोजा नाहीतर आरमध्ये मोजा, जमीन तेवढीच.

या वाटणीचा नकाशा डिस्कच्या सुरुवातीला लिहिलेला असतो. जुन्या एमबीआर पद्धतीत हा नकाशा फक्त ६४ बाइटचा असतो आणि त्यात चारच मुख्य पार्टिशनची नोंद बसते. शिवाय २ टीबीच्या पुढची जागा त्याला मोजता येत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत विंडोज १२८ पार्टिशन ठेवू देतं आणि नकाशाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी जपलेली असते. हा छोटासा नकाशा बिघडला की अख्खा डी ड्राइव्ह नाहीसा झाल्यासारखा दिसतो. पण सूत्र आठवा. नोंद गेली आहे, शेत तिथेच आहे. 'टेस्टडिस्क' हे मोफत साधन अशा वेळी डिस्कची जणू नव्याने मोजणी करतं आणि जुने बांध शोधून काढतं. त्यासाठी एकच अट, मधल्या काळात तिथे दुसरं काही लिहिलेलं नसावं.

म्हणून ड्राइव्ह उघडताना "ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल" असा संदेश आला तर फॉरमॅट दाबू नका. 'कॅन्सल' करा. तो संदेश म्हणजे विंडोजला नोंदवही वाचता येत नाही एवढंच. आत माहिती असू शकते.

६. सी ड्राइव्ह लाल झाला, डी मोकळा आहे

घरोघरची तक्रार. सी भरला, डीमध्ये ३०० जीबी पडून आहे. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक केलं की 'डिस्क मॅनेजमेंट' दिसतं. ते उघडून लोक डीवर 'श्रिंक व्हॉल्यूम' करतात, म्हणजे डी लहान करतात. मोकळी जागा 'अनअलोकेटेड' म्हणून दिसते. पण सीवर गेल्यावर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकटच राहतं. दाबता येत नाही.

कारण बांधाचं आहे. सीला लागून उजवीकडे डी आहे आणि मोकळी झालेली जागा डीच्या पलीकडच्या टोकाला आहे. मधल्या भावाचं शेत ओलांडून आपलं शेत वाढवता येत नाही. विंडोजला सीला अगदी खेटून असलेलीच मोकळी जागा जोडता येते. कधी मध्ये एक लहानसं 'रिकव्हरी पार्टिशन'ही असतं आणि तेही आडवं येतं. रागाच्या भरात तिथे 'डिलीट व्हॉल्यूम' दाबू नका. हे एका फाईलचं डिलीट नव्हे, अख्खी वाटणी मोडणं आहे.

त्यापेक्षा सोपा आणि बिनधोक उपाय वेगळा आहे. वाटणीला हात न लावता सामान हलवा. 'डाऊनलोड्स', 'पिक्चर्स', 'व्हिडिओज' या फोल्डरवर राइट क्लिक करा, 'प्रॉपर्टीज'मध्ये 'लोकेशन' ही टॅब उघडा आणि 'मूव्ह' म्हणून डीवरचं एक नवीन फोल्डर द्या. त्यासाठी प्रत्येकाला वेगळं फोल्डर द्या, थेट डी ड्राइव्ह निवडू नका. सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज'मध्ये जाऊन तात्पुरत्या फाईली साफ करा, पण 'डाऊनलोड्स'समोरची खूण आधी काढा. एवढ्याने बहुतेक घरांतला सी मोकळा होतो.

पार्टिशन बदलायचंच असेल, तर तीन पथ्यं पाळा. महत्त्वाच्या फाईलींची प्रत आधी संगणकाबाहेर काढा. लॅपटॉप चार्जिंगला लावा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस नीट चालतो का ते पाहा. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि बांध सरकवला जात असताना वीज गेली तर दोन्ही शेतांचं नुकसान होतं. आणि काम सुरू झाल्यावर मध्येच बंद करू नका.

पेन ड्राइव्हबद्दलही एक सांगायचं आहे. त्यात जागा असूनही स्नेहसंमेलनाचा मोठा व्हिडिओ जात नसेल, तर तो पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ पद्धतीचा आहे. या पद्धतीत एक फाईल ४ जीबीपेक्षा लहानच असावी लागते. आतला मजकूर दुसरीकडे काढून पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की अडचण सुटते.

७. डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे

आता या पाठातला सर्वांत महत्त्वाचा भाग. "माझं सगळं डीमध्ये सेफ आहे," असं आपण निर्धास्त म्हणतो. यात अर्धं खरं आहे. विंडोज बिघडलं आणि नव्याने टाकावं लागलं, तर सी पुसला जातो आणि डी वाचतो. (लक्षात ठेवा, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाऊनलोड्स हे सहसा सीमध्येच असतात. दुरुस्तीवाल्याला "विंडोज टाकून द्या" म्हणण्याआधी डेस्कटॉपवरच्या फाईली बाहेर काढा.)

पण डिस्कच बंद पडली, लॅपटॉप चोरीला गेला, तर? कागदावर वाटणी झाली म्हणून ओढ्याचा पूर बांध बघून थांबत नाही. सी आणि डी एकाच तबकडीवर आहेत. ते एकत्रच जातात.

पिक्सार या मोठ्या चित्रपट कंपनीलाही हा धडा मिळाला आहे. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' तयार होत असताना चुकीने दिलेल्या एका आज्ञेमुळे चित्रपटाच्या फाईली भराभर डिलीट होऊ लागल्या. बॅकअप घेतला जातोय असं सगळे समजत होते, पण तो नीट होतच नव्हता. शेवटी गेलिन सुसमन या सहकारी बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती, म्हणून काम सावरलं. दुसऱ्या घरातल्या प्रतीने चित्रपट वाचवला.

आपल्याकडे चित्रपट नसतो, पण जे असतं ते कमी मोलाचं नाही. पाथर्डी, शेवगाव भागातून दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. कोणतं मूल कोणत्या कारखान्याच्या भागात गेलं, कोणाला शिक्षण हमी कार्ड दिलं, कोण वस्तीवर आजीजवळ मागे राहिलं, ही यादी अनेकदा एकाच शिक्षकाच्या एकाच एक्सेल फाईलमध्ये असते. ती फाईल गेली तर हिशोब पुन्हा करता येईल, पण त्या मुलापर्यंत पोहोचायला उशीर होईल.

म्हणून नियम साधा ठेवा. महत्त्वाच्या फाईलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. एक प्रत घरच्या संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर आणि एक गूगल ड्राइव्हवर किंवा शाळेच्या कपाटात. प्रत घेतल्यावर ती बंद करून कपाटात ठेवा, कायम जोडून ठेवू नका. आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाईल उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप हा नुसता विश्वास असतो.

८. जुना संगणक देण्यापूर्वी

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेक घरांतून जुने संगणक विकले, बदलून दिले किंवा भाच्या-पुतण्यांना दिले जात आहेत. इथे आपलं सूत्र उलट्या बाजूने लागू होतं. आपल्याला नको असतानाही माहिती मागे उरते.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतील सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलत या संशोधकांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू असलेल्या १२९ डिस्कपैकी फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांत कोणाची पत्रं, कोणाच्या आजारपणाची माहिती आणि ५,००० हून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक मिळाले. विकणाऱ्यांना आपण सगळं डिलीट केलं, असंच वाटत असणार.

आपल्या संगणकात काय असतं? विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पालकांचे मोबाईल, बँक खाती, दिव्यांग प्रमाणपत्रं. ही माहिती आपली नाही, ती पालकांनी आपल्यावर विश्वास ठेवून दिलेली आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियमानेही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीला विशेष संरक्षण दिलं आहे. शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नसतात, तिथे तसं राहण्यामागे श्रद्धा आहे. आपल्या जुन्या डिस्कला दार नसावं, असं मात्र कोणत्याही पालकाला वाटणार नाही.

तेव्हा संगणक देण्यापूर्वी एवढं करा. हव्या त्या फाईलींची प्रत काढा. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'रिसेट धिस पीसी' घ्या, 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि पुढच्या पर्यायांत डेटा पूर्ण साफ करण्याचा पर्याय चालू करा. संगणकाला अनेक ड्राइव्ह असतील तर 'सर्व ड्राइव्ह' निवडा, नाहीतर डी तसाच राहतो. याला काही तास लागू शकतात, लागू द्या. 'क्विक फॉरमॅट'वर विसंबू नका. तो फक्त नवी कोरी नोंदवही घालतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर विंडोजचं पूर्ण फॉरमॅट मात्र सगळीकडे शून्य लिहितं, म्हणजे खरा नांगर फिरवतं. डिस्क बंदच पडली असेल, तर भंगारात देण्याआधी ती काढून घ्या आणि तबकडीच मोडून टाका.

९. आजचा स्वाध्याय

वाचून झालं की संगणक बंद करण्याआधी पुढील कामं करून पाहा. आठवी ते दहावीच्या मुलांकडूनही करून घेता येतील.

१) वहीत लिहा: तुमच्या संगणकात डिस्क किती आणि ड्राइव्ह किती? 'डिस्क मॅनेजमेंट' फक्त उघडून बघा, काहीही दाबू नका.

२) डेस्कटॉपवर 'चाचणी' नावाची फाईल तयार करा, डिलीट करा आणि बिनमधून परत आणा. हीच कृती रिकाम्या पेन ड्राइव्हवर करा. काय फरक पडला?

३) तुमच्या संगणकात एसएसडी आहे की हार्ड डिस्क? टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये डिस्कच्या नावाखाली बघा.

४) ज्या पाच फाईली गेल्या तर तुमची झोप उडेल, त्यांची नावं लिहा. प्रत्येकीसमोर तिच्या किती प्रती कुठे आहेत ते लिहा. जिच्यासमोर एकच जागा लिहिली गेली, तिची दुसरी प्रत आज रात्रीच करा.

चौथ्या प्रश्नाला गुण नाहीत. पण बाकीचे वेळ नाही म्हणून राहिले तरी चालतील, हा मात्र सोडवाच.